लातूर, उन्हाळा २०१६ : पाण्याच्या टाकीभोवती जमावबंदी

मार्च २०१६ च्या तिसऱ्या आठवड्यात लातूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी पांडुरंग पोले यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली एक आदेश काढला. शहरातल्या पाण्याच्या टाक्या, टँकर भरण्याची ठिकाणं आणि सार्वजनिक विहिरींच्या परिसरात पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही. मुदत ३१ मेपर्यंत. मोर्चा, दंगल, निवडणुकीतला तणाव अशा प्रसंगी लागणारं हे कलम एका शहरात हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्यांच्या गर्दीवर लागलं. देशभर बातमी झाली. पुढच्या महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आणि लोकांच्या आठवणीत ती रेल्वेच राहिली. मला मात्र या प्रकरणात जास्त महत्त्वाचा वाटतो तो जमावबंदीचा आदेश. त्या आदेशामागे गल्लीगल्लीत जे चाललं होतं, त्याचा नीट अभ्यास झाला पाहिजे, कारण तीच परिस्थिती मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरावर कुठल्याही वर्षी येऊ शकते.

पाणी संपलं म्हणून भांडणं झाली, हे उत्तर अर्धवट आहे. मराठवाड्यात कितीतरी गावं आणि तांडे असे आहेत जिथे एप्रिल-मेमध्ये याहून कमी पाण्यात माणसं राहतात आणि तरीही एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. लातुरात डोकी फुटायची वेळ आली, कारण पाणी कधी येणार, किती येणार आणि कुणाला मिळणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टंचाई माणूस सोसतो. आपल्या वाट्याचं पाणी दुसरीकडे जातंय हा संशय त्याला सोसवत नाही, आणि त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये तो संशय घराघरात होता.

धरण आटतं तेव्हा

लातूर शहराचं पाणी येतं मांजरा धरणातून. धरण आहे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला, शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. एकूण साठवण क्षमता २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला सुमारे ४७ दलघमी मृतसाठा, म्हणजे एरवी बाहेर काढता न येणारं तळाचं पाणी. याच धरणावर अंबाजोगाई, केज, कळंब यांसारखी गावं, लातूरची औद्योगिक वसाहत आणि तीन जिल्ह्यांतली शेती अवलंबून. मराठवाड्यात २०१४ साली पावसाळ्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला, आणि २०१५ सालीही तेवढाच कमी. त्याआधी २०१२ चा दुष्काळ होताच. दोन पावसाळे पाठोपाठ हुकले की धरण कितीही मोठं असो, ते कोरडं पडणारच. मांजरा मृतसाठ्यात गेलं, मग धरणाच्या पोटात चर खोदून उरलेलं पाणी जॅकवेलपर्यंत, म्हणजे जिथून पंपाने पाणी उपसतात त्या विहिरीपर्यंत, आणायची धडपड सुरू झाली, आणि २०१६ उजाडल्यावर तीही संपली.

शहराच्या नळाला एकदम ब्रेक लागला नव्हता. आधी आठवड्याने पाणी यायचं, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. फेब्रुवारीच्या सुमारास नळ पुरते बंद झाले आणि सगळं शहर टँकरवर आलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार होती. शिकवण्यांसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेली हजारो मुलं-मुली वेगळीच. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर शहरात जी वसतिगृहं, मेस आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांना पाणी लागत होतं आणि त्यातली बहुतेक गरज महापालिकेच्या हिशेबात धड धरलेलीही नव्हती.

डोंगरगाव, भंडारवाडी, माकणी अशा ठिकाणच्या बंधाऱ्यांतून आणि प्रकल्पांतून टँकर भरून आणायचे, शहरातल्या टाक्यांवर आणायचे, तिथून प्रभागांत वाटायचे अशी व्यवस्था लावली गेली. घरटी साधारण २०० लिटर, तेही आठ-दहा दिवसांनी एकदा. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी दिवसाला चार-पाच लिटर होतात. आपत्तीत छावणीतल्या माणसालाही रोज किमान १५ लिटर मिळावं, असा मदतकार्याचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. लातूरच्या मध्यमवस्तीतल्या पक्क्या घरात राहणाऱ्या माणसाला त्याच्या एक तृतीयांश पाणी मिळत होतं. बाकीचं ज्याने त्याने विकत घ्यायचं, बोअरचं वापरायचं, नाहीतर मागून आणायचं.

गल्लीतला टँकर

भांडण कसं पेटतं हे समजायला एका गल्लीत टँकर येतो तेव्हा काय होतं ते पाहावं लागतं.

टँकर पाच हजार लिटरचा. घरटी २०० लिटर म्हणजे पंचवीस घरांचं पाणी. गल्लीत घरं चाळीस. म्हणजे टँकर वळणावर दिसतो तेव्हाच पंधरा घरं बाहेर पडलेली असतात. ती कोणती, एवढंच ठरायचं बाकी असतं. आता हे ठरवायचं कुणी? यादी नाही, टोकन नाही, खेप किती वाजता येणार याची पाटी नाही. मग ते ठरतं नळीवर. टँकर पुरता थांबायच्या आत पोरं मागून वर चढतात, झाकण उघडतात आणि आपापल्या घरच्या नळ्या आत सोडतात. तोंडाने ओढून पाणी सुरू केलं की नळी चालू. जाड नळी असेल तर पाणी जास्त. खोल सोडलेली असेल तर शेवटपर्यंत चालते, वरवर राहिलेली नळी पाणी उतरलं की हवा ओढते. ज्याचं घर रस्त्याला लागून, त्याची नळी थेट हौदात. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीकडे एवढी लांब नळी नाही, वर चढायला पोरगा नाही. ती घागर घेऊन खाली उभी, आणि वरच्यांना विनवते आहे.

टिपाडांची रांग हा आणखी एक प्रकार. आदल्या रात्रीपासून दारापुढे निळी टिपाडं, कळश्या, तेलाचे डबे लावून ठेवायचे. रांगेत माणूस नसतो, भांडं असतं. सकाळी उठून पाहावं तर आपलं टिपाड चार जागा मागे सरकलेलं. कुणी सरकवलं? शेजारणीने. मग वीस वर्षांचं शेजारपण, एकमेकींच्या बाळंतपणात केलेली उठबस, हळदीकुंकू, सगळं त्या चार जागांपुढे फिकं पडतं. लांबून बघणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण त्या चार जागा म्हणजे पुढचे आठ दिवस घरात पाणी असणं किंवा नसणं, आणि ज्या घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथे तो फरक सहन करण्यापलीकडचा असतो.

रोजंदारीवर जाणाऱ्याची गोष्ट आणखी वाईट. टँकर आज येणार की उद्या, सकाळी की रात्री, याचा पत्ता नसल्यामुळे घरातलं एक माणूस कायम अडकलेलं. बाई धुणीभांड्याच्या कामावर गेली नाही तर खाडा. गेली आणि मागे टँकर येऊन गेला, तर आठवड्याचं पाणी गेलं. मुलगी शाळेत न जाता रांग धरते. महापालिकेने त्या काळात लोकांना लिटरभर पाणी जास्त दिलं नसतं पण वेळ नक्की सांगून ती पाळली असती, तरी निम्मा संताप उतरला असता, असं मला ठामपणे वाटतं. वेळ पाळायला पैसा लागत नाही. टँकरवाल्यावर, भरण्याच्या ठिकाणावर आणि प्रभागातल्या कर्मचाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं.

यात सगळ्यात आधी मार खातो तो टँकरचा ड्रायव्हर आणि व्हॉल्व्हमन. टँकर अडवणं, वाटेतच रिकामा करायला लावणं, हे प्रकार वाढत गेले आणि पोलीस बंदोबस्तात टँकर न्यायची वेळ आली. ड्रायव्हरच्या हातात काही नसतं. त्याला सांगितलेल्या चौकात तो खेप टाकतो. पण धरण कुणी रिकामं केलं तो माणूस गल्लीत येत नाही, ड्रायव्हर येतो. नगरसेवकाच्या घरापुढे टँकर जास्त वेळ थांबला असं कुणी म्हटलं की ते खरं की खोटं हे पाहायला कुणी जात नाही, कारण पडताळून पाहायला काही साधनच नसतं. कुठल्या प्रभागात आज किती खेपा गेल्या याचा कागद चौकात लावलेला असता, तर ती अफवा तिथेच तपासता आली असती.

बोअर, घरमालक आणि भाडेकरू

नळ सगळ्यांचाच बंद होता, पण दुष्काळ सगळ्यांचा सारखा नव्हता. ज्याच्याकडे जमिनीखाली मोठा हौद आणि गच्चीवर दोन टाक्या, तो खासगी टँकर पूर्ण विकत घेऊन महिनाभर निवांत. ज्याच्याकडे एक टिपाड आणि दोन घागरी, त्याला पाणी फुकट मिळालं तरी ठेवायला जागा नाही. खासगी टँकरचे भाव मागणीबरोबर चढत गेले, आणि लिटरमागे सर्वात जास्त पैसे मोजले ते घागरीने किंवा जारने पाणी विकत घेणाऱ्या गरिबाने. टंचाईच्या काळात साठवणुकीची क्षमता हीच श्रीमंती असते, आणि पाणीवाटपाचा कुठलाही नियम करताना ती धरली नाही तर कागदावर समान असलेला नियम प्रत्यक्षात विषम होतो.

बोअरने तर सख्ख्या शेजाऱ्यांत वैर आणलं. मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाची. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि सांध्यांत. एका अंगणात बोअर लागतो, भिंतीपलीकडे दहा फुटांवर धूळ निघते. एकाने चारशे फूट नेलेला बोअर चालू असताना शेजाऱ्याने सहाशे-सातशे फूट नेला आणि पहिल्याचा आटला, की पहिल्याला वाटतं माझं पाणी चोरलं. भूशास्त्र काहीही म्हणो, त्याच्या मोटारीतून हवा येते आहे आणि पलीकडे मोटार चालल्याचा आवाज येतो आहे, एवढंच त्याला कळतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंधनं घालायची तरतूद आहे. पण त्या कायद्याच्या नियमांचा मसुदाच २०१८ साली बाहेर आला. २०१६ च्या उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या आणि त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं.

भाडेकरूंची कुठे दाद-फिर्यादच नव्हती. बोअरच्या मोटारीचं बटण घरमालकाच्या हातात. दिवसाला दोन बादल्या, पाहुणे आणायचे नाहीत, कपडे गावाकडे नेऊन धुवायचे, अशा अटी घातल्या गेल्या. शिकायला आलेल्या मुलांपैकी अनेक जण खोल्या सोडून गावी परतले. घरमालकाला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्याही बोअरला तासभरच पाणी येत होतं, आणि उद्या तेही येईल का, ही धास्ती त्याला होती. भीतीपोटी साठवणूक होते आणि साठवणुकीने टंचाई आणखी वाढते. त्यात दुष्टपणा शोधायची गरज नाही.

आदेश योग्य होता का?

आता कलम १४४ कडे येऊ. प्रशासनाची बाजू समजून घ्यायला हवी. टाकीवर शेकडो माणसं जमत होती, टँकर भरू देत नव्हती, रेटारेटीत कुणी चिरडलं गेलं असतं तर जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांचीच होती. टाकीवरची गर्दी हटली नाही तर टँकर भरत नाहीत, आणि टँकर भरले नाहीत तर सगळ्यांचंच पाणी थांबतं. अशा वेळी भरण्याची जागा मोकळी ठेवणं गरजेचंच होतं.

तरीही हा आदेश अर्धा उपाय होता, आणि तोही उशिरा आलेला. लोक टाकीवर जमत होते कारण टाकीवर गेल्याशिवाय पाणी मिळेल याची खात्री त्यांना नव्हती. त्यांच्या दारात ठरल्या दिवशी टँकर आला असता तर रात्री दोन वाजता घागर घेऊन टाकीवर जायची हौस कुणाला होती? जमावबंदीने गर्दी टाकीवरून गल्लीत गेली. टाकीवर निदान पोलीस होते, गल्लीत भांडण सोडवायला कुणी नव्हतं. शिवाय लोकांपर्यंत गेलेला संदेश असा होता की तुम्ही पाण्याच्या जवळ येणं हाच गुन्हा. ज्या शहराने पाणीपट्टी भरली आहे त्या शहराला हा संदेश झोंबणारच.

जमावबंदीच्या आदेशाबरोबर त्याच दिवशी प्रभागनिहाय वेळापत्रक जाहीर करून, शिधापत्रिकेवर नोंद करून पाणी द्यायची पद्धत कडकपणे राबवली असती तर आदेशाला अर्थ आला असता. रेशनचं धान्य आपण वर्षानुवर्षं कार्डावर वाटत आलो आहोत. त्या वाटपाचे दोष सगळ्यांना माहीत आहेत, पण दुकानात पाटी असते, प्रमाण ठरलेलं असतं, आणि आपलं धान्य मिळालं नाही तर कुणाला जाब विचारायचा हे माणसाला कळतं.

राग वर कसा गेला

एप्रिल उजाडला तसा राग शेजाऱ्यावरून उठून वर सरकला, आणि त्याला तशीच कारणं मिळत गेली. लातूर जिल्ह्यातल्या बेलकुंड येथे तत्कालीन महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या दौऱ्यासाठी केलेल्या हेलिपॅडवर धूळ बसावी म्हणून सुमारे दहा हजार लिटर पाणी मारल्याची बातमी आली. गल्लीच्या हिशेबात ते पन्नास घरांचं आठवड्याचं पाणी. पाठोपाठ तत्कालीन मंत्री पंकजा मुंडे यांनी साई येथे मांजरा नदीच्या कामाच्या पाहणीत काढलेले सेल्फी लोकांपुढे आले. काम चांगलं होतं, पाणी लागल्याचा आनंदही खरा असेल. पण आठ दिवसांची पारोशी घरं असलेल्या शहराला ते छायाचित्र बघवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिलला आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश दिला. औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाच्या पाण्यात ६० टक्के कपात करायला लावली. क्रिकेटच्या खेळपट्टीचं पाणी लातूरला येणार नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. तरी त्या आदेशाने लोकांना बरं वाटलं, कारण आपण दोन बादल्यांत भागवत असताना दुसऱ्यालाही काहीतरी सोडावं लागतंय हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. ही भावना उथळ नाही. निर्बंध टिकतात ते याच भावनेवर.

उसाबद्दल मात्र गावात दबक्या आवाजातच बोललं जायचं, कारण प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी ऊस लावणारा किंवा कारखान्यात कामाला. मांजरा खोऱ्यात गेल्या काही दशकांत साखर कारखाने वाढले, धरणाचं आणि जमिनीखालचं पाणी उसाकडे वळलं. पाटाने भिजवलेल्या हेक्टरभर उसाला हंगामात साधारण २ ते २.५ कोटी लिटर पाणी लागतं. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. सोयाबीनचा भाव पडला तर त्याला कुणी वाली नसतो, उसाला ठरलेला दर आणि घेणारा कारखाना असतो. त्याने शहाणपणानेच ऊस निवडला. पण कोरडवाहू पिकाला तशीच हमी न देता ऊस वाढू देणं, आणि धरणातलं पिण्याचं पाणी दोन वर्षं पुरेल एवढं राखून न ठेवणं, हे निर्णय वर बसून घेतले गेले. त्यांची किंमत गल्लीतल्या टिपाडांच्या रांगेने मोजली.

मिरजेचं पाणी

११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली, प्रत्येक वाघिणीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. गुढीपाडवा होऊन तीनच दिवस झाले होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून १२ तारखेला पहाटे ती लातूरला पोहोचली. कृष्णेचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात रेल्वेने आलं. नऊ फेऱ्यांनंतर पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ सुरू झाली आणि एका खेपेत २५ लाख लिटर यायला लागलं. ऑगस्टपर्यंत १११ फेऱ्या झाल्या, सुमारे २६ कोटी लिटर पाणी आलं. ज्या सांगली जिल्ह्यातून ते आलं त्याच जिल्ह्यात जत, आटपाडीसारखे कायमचे दुष्काळी तालुके आहेत, हे विसरू नये. रेल्वेच्या आणि मिरजेच्या माणसांनी रात्रीचा दिवस करून ते काम केलं आणि लातूरकरांनी ते कृतज्ञतेने घेतलं.

आकडे तरीही पाहिले पाहिजेत. २५ लाख लिटर म्हणजे जनगणनेच्या लोकसंख्येला माणशी साडेसहा लिटर. आणि चार महिन्यांतलं सगळं मिळून २६ कोटी लिटर पाणी म्हणजे दहा ते तेरा हेक्टर उसाचं एका हंगामाचं पाणी. साडेतीनशे किलोमीटरवरून जे आणावं लागलं तेवढं पाणी धरणाच्या लाभक्षेत्रातल्या एका छोट्या शिवारात मुरत होतं.

गाडीने गल्लीतलं भांडण कमी केलं, यात शंका नाही. त्यामागे जास्तीच्या पाण्याइतकाच तिच्या नियमितपणाचा वाटा आहे, असं मी मानतो. आज गाडी आली, उद्या येणार, परवा येणार, हे लोकांना कळत होतं. वर्तमानपत्रात किती वाघिणी, किती लिटर हे छापून येत होतं. सरकारचं पाणी लोकांना मोजून दिसलं, असं त्या वर्षात पहिल्यांदा घडलं.

मीटरचा जुना घाव

लातुरात पाण्यावरून लोक पहिल्यांदाच रस्त्यावर आले होते असं नाही. २००८ साली शहराची पाणीव्यवस्था दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवली गेली. घरोघरी मीटर आणि वाढीव दर आले तसा शहराने कडाडून विरोध केला आणि तो करार मुदतीआधीच गुंडाळावा लागला. पाणी खासगी हातात द्यायला झालेला विरोध मला समजतो. पण त्या लढ्यात मीटर हा शब्दच बदनाम झाला, आणि कुठल्या भागात किती पाणी जातं, किती गळतं, हे मोजायचं राहूनच गेलं. जिथे मोजमाप नाही तिथे कपात करायची कशी? मग व्हॉल्व्ह बंद करणं एवढा एकच मार्ग उरतो, आणि बंद व्हॉल्व्ह काटकसर करणाऱ्यालाही तोच, उधळणाऱ्यालाही तोच.

इथे केपटाउनची तुलना उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या या शहरात २०१८ च्या सुरुवातीला नळ बंद व्हायची वेळ आली होती. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली. पुढची पायरी ठरलेली होती: नळ बंद, शहरात २०० ठिकाणी रांगा आणि माणशी २५ लिटर. ती पायरी गाठायची वेळ आली नाही. धरणात किती पाणी उरलं हे दर आठवड्याला लोकांसमोर यायचं. कोणतं घर मर्यादेत आहे याचा नकाशाही पालिकेने प्रसिद्ध केला, त्यावर खासगीपणाच्या मुद्द्यावरून टीका झाली आणि ती रास्त होती. जवळच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणातलं सुमारे एक हजार कोटी लिटर पाणी शहराला सोडलं. तिथेही श्रीमंतांच्या अंगणात बोअर होते, आणि गरीब वस्त्या तर आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांगा लावत होत्या. सगळं आलबेल नव्हतं. फरक एवढाच की नळ बंद होण्याआधी, धरणात पाणी असतानाच तिथे कपात लोकांना आकड्यात सांगितली गेली. लातुरात नळ बंद पडेपर्यंत लोकांना आकडा कळला नव्हता.

पाऊस आल्यावर

सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस मराठवाड्यात धुवाधार पाऊस झाला. मांजरा धरण भरलं. ज्या शहराने ऑगस्टपर्यंत रेल्वेचं पाणी प्यायलं, तिथे दीड-दोन महिन्यांत नदीला पूर आला. त्याआधी उन्हाळ्यातच ‘जलयुक्त लातूर’ ही लोकचळवळ उभी राहिली होती. व्यापारी, डॉक्टर, नोकरदार, सगळ्या पक्षांचे लोक एकत्र आले, वर्गणी काढली आणि साई ते नागझरी असं मांजरा नदीचं सुमारे १८ किलोमीटरचं पात्र रुंद-खोल केलं. पाण्यावरून एकमेकांची गचांडी धरणाऱ्या शहरातच हे झालं, आणि त्यात पैसे देणाऱ्याला आपला रुपया कुठे गेला हे नदीवर जाऊन पाहता येत होतं.

नदीचं पात्र खोल केल्याने गल्लीतलं वाटप सुधारत नाही. २०१९ च्या पावसाळ्यातही मांजरा भरलं नाही. लातूरला दहा-दहा दिवसांनी पाणी येत होतं, आणि त्या वर्षी गणपतीच्या मूर्ती विसर्जित न करता दान करायचं आवाहन प्रशासनाने केलं. लोकांनी ते मोठ्या प्रमाणावर पाळलं. विसर्जनासारखी गोष्ट सोडायला लोक तयार झाले, कारण आवाहन वेळेवर आलं, कारण स्पष्ट होतं आणि मानाच्या गणपतीपासून घरच्या गणपतीपर्यंत सगळ्यांना नियम एकच होता. प्रभागात टँकर पाठवतानाही हेच करायला हवं. धरणातला पिण्याचा साठा ऑक्टोबरमध्येच मोजून, किती दिवस पुरेल ते जाहीर करायचं. प्रत्येक चौकात खेपांचं वेळापत्रक आणि झालेल्या खेपांची नोंद लावायची. टँकरची नळी वरून सोडू न देता खालच्या तोट्यांनी मापानेच पाणी द्यायचं. ज्यांच्याकडे साठवायला भांडं नाही त्यांना पालिकेने टाकी द्यायची. आणि टँकर गल्लीत शिरला की पहिली खेप गल्लीच्या शेवटच्या घरापासून सुरू करायची.